धाकट्याची ऑडिशन तुझ्यावर सोपवली आहे तर

प्रिय पोरी,

तुझं पत्र पोचलं. आईबाबांना नोकरीतून वेळ नाही म्हणून धाकट्याचं ऑडिशनचं सगळं तुझ्याकडे आलंय, आणि तू रोज तासभर त्याच्याकडून संवाद घोकून घेतेस, असं लिहिलंयस. ते घोकणं आधी बंद कर.

कास्टिंगवाले, म्हणजे कलाकार निवडणारे लोक, मुलाला एकदा संवाद म्हणू देतात आणि मग सांगतात, "आता हेच म्हण, पण राग आलाय ते समोरच्याला कळू द्यायचं नाही." खरी परीक्षा इथे सुरू होते. घरी चढउतारांसकट बसवलेलं वाक्य त्या क्षणी हलत नाही. मूल तेच पुन्हा म्हणतं, फक्त थोडं मोठ्यानं, आणि खोलीत पाठांतर स्पर्धा चालल्यासारखं वाटू लागतं. शब्द पाठ हवेतच, पण सपाट सुरात, खेळताना, जिना चढताना पाठ होऊ देत. मग एखादं साधं वाक्य घे: "माझा चेंडू कुठे आहे?" एकदा तो खरोखर शोधतोय. एकदा त्याचा तुझ्यावर संशय आहे. एकदा चेंडू त्याच्याच पाठीमागे आहे आणि तो तुझी फिरकी घेतोय. सूर कसा लावायचा ते सांगू नकोस, प्रसंग काय आहे तेवढं सांग. तुझं उत्तरही दरवेळी बदल, म्हणजे त्याला ऐकावंच लागेल. ऐकणारं मूल कॅमेऱ्यात लगेच ओळखू येतं. पंधरा मिनिटं पुरे. रडण्याच्या प्रसंगासाठी खोटी वाईट बातमी सांगून मुलाला रडवणारे लोक भेटतात, तिथे ठाम नकार दे. तसंही डोळ्यांतलं पाणी अडवू पाहणारं मूल धो धो रडणाऱ्यापेक्षा जास्त परिणाम करतं.

फोटोंसाठी स्टुडिओत पैसे घालू नकोस. दोन फोटो लागतात: एक खांद्यापासून वरचा, एक पायापर्यंतचा. खिडकीकडे तोंड, मागे साधी भिंत, अंगात एकरंगी कपडे. मेकअप नाही, फिल्टर नाही. पडलेला दात लपवू नका. फोटोतलं मूल आणि दारातून आत येणारं मूल वेगळं दिसलं की चिडचिड होते, म्हणून या वयात दर सहा महिन्यांनी नवे फोटो काढ. सोबत अर्ध्या मिनिटाचा ओळखीचा व्हिडिओ ठेव: नाव, वय, उंची, येणाऱ्या भाषा, मग चेहऱ्याची डावी-उजवी बाजू. उंची मोजून लिही, अंदाजानं नको. शाळेचा गणवेश किंवा घराचा पत्ता कशातही दिसू देऊ नकोस.

घरून टेप, म्हणजे ऑडिशनचा व्हिडिओ, पाठवायची असेल तर फोन आडवा, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर, स्टँडवर. (पुस्तकांच्या चळतीवरही चालतो.) चौकट छातीपासून वर. समोरच्या पात्राचे संवाद तू वाचायचेस, तेही लेन्सच्या अगदी शेजारी उभी राहून, म्हणजे त्याची नजर लेन्सजवळ राहील आणि दोन्ही डोळे दिसतील. तू लांब बाजूला बसलीस तर टेपमध्ये त्याचा कान दिसतो. तू फोनच्या जवळ असतेस, त्यामुळे आवाज हळू ठेव, नाहीतर तुझीच ऑडिशन होते. पंखा बंद. दोन टेक मागितले असतील तर दोन्हींत काहीतरी वेगळं हवं. एकाच टेकच्या दोन प्रती कुणाला नको असतात.

ऑडिशनच्या दिवशी झोप आणि खाणं आधी बघ. दाराशी शेवटच्या सूचना देऊ नकोस, आणि बाहेर आल्यावर "कसं झालं?" ऐवजी "भूक लागली का?" विचार. पुन्हा बोलावलं तर त्याला पहिल्या वेळचेच कपडे घाल, त्यांना तेच मूल परत पाहायचं असतं. निवड झाली नाही तर बहुतेक वेळा कुणी कळवतही नाही. आई-वडील म्हणून ठरलेल्या नटांशी चेहरा जुळत नाही, पडद्यावरच्या बहिणीपेक्षा उंच दिसतो, इतक्या साध्या कारणांनी मुलं मागे पडतात. हे त्याला आधीच सांगून ठेव.

काम मिळालं की सेटवरचा बराचसा वेळ थांबण्यात जातो. रंगाचं पुस्तक, पत्ते, काहीही ने. कुठे थांबायचं ते दाखवायला जमिनीवर चिकटवलेल्या पट्टीवर खाली न बघता थांबायचं कसं, ते घरी करून घे: पट्टीवर उभं राहून उलट्या पावलांनी सुरुवातीच्या जागी जायचं, पावलं मोजायची, मग तेवढीच पुढे यायची. "कट" ऐकेपर्यंत अभिनय थांबवायचा नाही. चित्रीकरण चालू असेपर्यंत केस कापायचे नाहीत, आणि दात हलायला लागला तर आधी कळवायचं. "मला लघवीला जायचंय" आणि "हे मला नको" ही दोन वाक्यं त्याला कुणालाही न घाबरता म्हणता आली पाहिजेत. तो नेहमी तुझ्या नजरेच्या टप्प्यात हवा. कुणी कपड्यांशिवाय फोटो मागितले, किंवा त्याला एकट्याला खोलीत बोलावलं, तर वाद न घालता निघून ये.

नोंदणीचे, पोर्टफोलिओचे किंवा "भूमिका पक्की करण्याचे" पैसे मागणारा माणूस एजंट नसतोच. एजंटला मिळालेल्या कामातून कमिशन मिळतं, आधी काही नाही. करारावर सही आईबाबांची, तुझी चालणार नाही. नियम देशागणिक वेगळे असतात, ते आधी वाचून घ्या. भारतात २०१७ च्या बालकामगारविषयक नियमांनुसार बालकलाकाराचं काम दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त नको, विश्रांतीशिवाय सलग ३ तासांपेक्षा जास्त नको, आणि किमान २० टक्के उत्पन्न राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावे मुदत ठेवीत गेलं पाहिजे. कॅलिफोर्नियात हाच वाटा १५ टक्के आहे. तिथला मूळ कायदा १९३९ चा, जॅकी कूगन या बालनटाची कमाई घरच्यांनीच संपवल्यानंतर आलेला. उरलेल्या पैशांचाही हिशेब वहीत लिहून ठेवा, मोठा झाला की तो मागेल.

पहिली टेप झाली की पाठवायच्या आधी मला दाखव. तुला जी चुकली असं वाटेल, तीसुद्धा.

तुझी,
मावशी