रात्रभर उभी राहिलेली पद्मिनी: आधी बाऊल बघा, मग पंपाला हात लावा

तुम्ही दिलेली लक्षणं आधी एकत्र मांडतो. १९८४ची प्रीमियर पद्मिनी, घरी पूर्ण उघडून बांधलेली. टाकीला आतून नवा लेप, एसी बनावटीचा नवा पेट्रोल पंप, सोलेक्स कार्ब्युरेटरला नवं किट, आणि पंप व कार्ब्युरेटरच्या मध्ये प्लास्टिकचा फिल्टर. रात्रभर उभी राहिली की सकाळी वीस-पंचवीस सेकंद सेल्फ मारावा लागतो. मग दिवसभर ठीक, पण गरम गाडी दहा-पंधरा मिनिटं बंद ठेवली की पुन्हा तोच त्रास, वर पेट्रोलचा वास. स्लो रनिंगला पेट्रोलच्या प्रेशर गेजवर साडेचार पीएसआय (दाबाचं एकक), आणि इंजिन बंद केलं की काटा दोन-तीन सेकंदांत शून्यावर. त्यावरून तुम्ही विचारताय, प्रेशर कमी पडतंय का, इलेक्ट्रिक पंप टाकू का?

आत्ता टाकू नका. तुमचं प्रेशर कमी नाही, जास्त आहे. अशा यांत्रिक पंपाला साधारण २ ते ३.५ पीएसआय पुरतं. चारच्या वर गेलं की नीडल वाल्व्ह (कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल आत येण्याचं तोंड बंद करणारी सुई) बसत नाही, पेट्रोल रेटून आत येतं. सकाळचा आणि दुपारचा त्रास सारखा वाटतो, पण ती दोन उलटी दुखणी आहेत. सकाळी बाऊल, म्हणजे कार्ब्युरेटरमधली पेट्रोल साठवणारी वाटी, बहुधा रिकामा असतो, दुपारी इंजिन पेट्रोलने भिजलेलं असतं. दोन्हींना एकच औषध दिलंत तर एक बरं होईल आणि दुसरं बळावेल.

कार्ब्युरेटरची गाडी पंपाच्या प्रेशरवर सुरू होत नाही, बाऊलमधल्या पेट्रोलवर सुरू होते. म्हणून उद्या सकाळी सेल्फ मारण्याआधी एअर क्लीनर काढा, चोकची झडप बोटाने उघडा, टॉर्चने आत उजेड पाडा आणि थ्रॉटलची कडी हाताने एकदा पूर्ण दाबा. अ‍ॅक्सिलरेटर पंपाच्या (कार्ब्युरेटरमधला, अ‍ॅक्सिलरेटर दाबताच जास्तीचं पेट्रोल सोडणारा छोटा पंप) बारीक तोटीतून सरळ, काडीसारखी धार आली तर बाऊल भरलेला आहे. मग पेट्रोल सोडून चोक, प्लग आणि बॅटरी बघा. सेल्फ मारताना बॅटरी ९.६ व्होल्टच्या खाली जात असेल तर ठिणगी कमजोर पडते आणि दोष उगाच पंपावर येतो. धार आलीच नाही किंवा नुसतं थुंकल्यासारखं झालं तर बाऊलचं झाकण काढून आत बघा. अ‍ॅक्सिलरेटर पंपाचाच पडदा (डायफ्रॅम) गेला असेल तर बाऊल भरलेला असूनही धार येत नाही, एवढी खात्री तिथे करून घ्यायची.

बाऊल रिकामा निघाला, तर वीस सेकंद का लागतात याचा हिशेब सोपा आहे. टाकी मागे, पंप पुढे. मधली नळी सुमारे ३ मीटर आणि आतून ६ मिलिमीटर धरली तर तिच्यात ८५ मिलिलिटरच्या आसपास पेट्रोल मावतं. पंप कॅमशाफ्टवर चालतो, म्हणजे इंजिनाच्या निम्म्या वेगाने. सेल्फवर इंजिन मिनिटाला १५० फेरे मारत असेल तर पंपाला वीस सेकंदांत जेमतेम २५ झटके मिळतात. नळीत हवा असेल तर त्यातले पहिले बरेच झटके हवाच खेचण्यात जातात.

पेट्रोल रात्री परत का उतरतं? तुमच्या गाडीत पहिला संशय टाकीच्या लेपावर. फिल्टर पंपाच्या पुढे आहे, मागे नाही. लेपाचे कपचे आणि गंजाची भुकटी थेट पंपात येतात आणि आतल्या चकतीसारख्या वाल्व्हखाली अडकतात. वाल्व्ह केसभर उघडा राहिला तरी रात्रभरात नळी टाकीकडे रिकामी व्हायला पुरेसं आहे. फिल्टर पंपाच्या आधी घ्या, बाण पंपाकडे. पंपाचं वरचं झाकण उघडून जाळी धुवा.

इंजिन बंद केल्यावर काटा पडतो तो पंपामुळे की नीडलमुळे, हे ओळखायला गेजचा टी-जोड आणि कार्ब्युरेटर यांच्यामधली रबरी नळी चिमट्याने दाबून धरा आणि मग इंजिन बंद करा. तरीही काटा पडला तर पंपाचा बाहेर जाणारा वाल्व्ह गळतोय. काटा मिनिटभर टिकला तर पंप निर्दोष, नीडल किंवा फ्लोट दोषी. फ्लोट (बाऊलमध्ये तरंगून नीडल उघडबंद करणारा पोकळ तुकडा) काढलाच आहे तर कानाजवळ हलवून बघा. आत पेट्रोल खळखळलं तर तो बुडतोय, त्याची पातळी लावत बसण्यात अर्थ नाही.

सक्शनच्या, म्हणजे टाकी ते पंप या बाजूची गळती फसवी असते. तिथून पेट्रोल ठिबकत नाही, उलट हवा आत जाते, त्यामुळे जमीन कोरडी आणि गाडी बंद. खात्रीची चाचणी अशी: पंपाच्या आत येणारी नळी काढा आणि बोनेटजवळ ठेवलेल्या धातूच्या डब्यातून अर्ध्या मीटरच्या नव्या नळीने पंपाला पेट्रोल द्या. गाडी लगेच उठली तर पंप निर्दोष, दोष मागच्या नळीत, जोडांत किंवा टाकीत. टाकी भरलेली असताना ठीक आणि अर्ध्याखाली गेली की त्रास, असं असेल तर टाकीतल्या उभ्या पाइपला वरच्या भागात बारीक भोक आहे. आणि काही किलोमीटर चालून गाडी मरत असेल, टाकीचं झाकण उघडताना ‘फुस्स’ आवाज येत असेल, तर लेप देताना हवेचं भोक बुजलंय.

रबरी नळ्या सगळ्या बदला. आता पेट्रोल पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल जुन्या रबराला फुगवतं आणि आतून सोलतं. एसएई जे३० आर९ (पेट्रोलच्या नळीचा दर्जा) छापलेली नळी घ्या. बारीक नळीवर मोठी जुबिली क्लिप (स्क्रूने आवळायची पट्टी) आवळू नका, ती नळी गोल दाबत नाही, एका बाजूला घडी पाडते आणि तिथूनच हवा जाते.

आता साडेचार पीएसआयकडे. या पंपात कॅम (कॅमशाफ्टवरचा उंचवटा) पडदा खाली ओढतो आणि पेट्रोल पुढे ढकलते ती स्प्रिंग. पडदा जितका जास्त ओढला जाईल तितकी स्प्रिंग दबते आणि प्रेशर वाढतं. ही ओढ ठरते पंप आणि ब्लॉक यांच्यामधल्या जाड बेकलाइटच्या (उष्णता अडवणाऱ्या कडक प्लास्टिकच्या) तुकड्याने आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या पॅकिंगने. घरी बांधताना नेमका हाच तुकडा राहतो, किंवा घासून सपाट करताना पातळ होतो. तो इंजिनाची उष्णताही अडवतो, म्हणून नसला की दुहेरी नुकसान. तुकडा जागेवर असेल तर अर्ध्या मिलिमीटरचं एक पॅकिंग वाढवा, पुन्हा गेज लावा. एका वेळी एकच. फार वाढवलंत तर झटका इतका आखूड होईल की पंप पेट्रोल खेचणारच नाही. तरीही चारच्या खाली आलं नाही तर नव्या पंपाची स्प्रिंगच कडक आहे. मग जुना मूळ पंप किट टाकून बांधणं बरं. उघडण्याआधी दोन्ही अर्ध्यांवर कानशीने एक रेघ मारा, म्हणजे नळ्यांची दिशा चुकत नाही. स्क्रू शेवटचे आवळताना लिव्हर पूर्ण दाबून धरा. न दाबता आवळलात तर पडदा ताणलेला राहतो आणि थोड्याच दिवसांत फाटतो.

पडदा फाटला की पेट्रोल थेट ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली किंवा पेट्रोलचा वास आला तर सेल्फसुद्धा मारू नका. पंप आणि ऑइल दोन्ही बदलूनच इंजिन चालवा.

दुपारच्या त्रासाचं बरंचसं मूळ प्रेशर उतरल्यावर जाईल. उरेल ती उष्णता. पेट्रोलमधले हलके घटक ४० अंशांच्या आसपासच उकळायला लागतात, आणि बंद इंजिनाची धग दहा-पंधरा मिनिटं वर चढत राहते. बाऊल उकळून इंजिनात सांडतो, वास त्याचाच. अशा वेळी चोक नको, अ‍ॅक्सिलरेटर पुन्हा पुन्हा दाबणं तर मुळीच नको. अ‍ॅक्सिलरेटर एकदाच पूर्ण दाबून धरा आणि सेल्फ मारा. पेट्रोलची नळी सायलेन्सर मॅनिफोल्डपासून दोन बोटं तरी दूर न्या आणि कार्ब्युरेटरखालचं जाड पॅकिंग जागेवर आहे का ते बघा. मुंबईचे जुने टॅक्सीवाले पंपावर ओलं फडकं टाकायचे. त्यामागचं कारण अगदी बरोबर आहे: फडक्याने पंप गार होऊन गाडी लगेच सुरळीत झाली, तर पंपात किंवा नळीत पेट्रोलची वाफ होऊन प्रवाह अडतो हे नक्की झालं.

हे सगळं करून सकाळ सुधारली नाही तरच इलेक्ट्रिक पंप, तोही ४ पीएसआयच्या आतला, टाकीजवळ, टाकीच्या तळापेक्षा खाली बसवलेला. इंजेक्शन गाडीचा पंप ४० पीएसआयच्या वर जातो, तो इथे लावलात तर बोनेटखाली आग लागू शकते. रिले (पंपाचा करंट चालूबंद करणारा विजेचा स्विच) घाला आणि ऑइल प्रेशर गेलं की पंप बंद होईल अशी जोडणी करा.

काम करताना इंजिन थंड, नळ्या उघडून सेल्फ मारताना कॉइलची वायर काढलेली, पेट्रोल धातूच्या डब्यात आणि अग्निशामक हाताशी. चिमटा दाबून काटा किती वेळ टिकला, डब्यातून पेट्रोल दिल्यावर किती सेकंदांत गाडी उठली, आणि बेकलाइटचा तुकडा किती मिलिमीटर भरला, एवढं कळवा. पुढची पायरी त्यावरून सांगता येईल.