प्रयोगशाळेत वाढवलेला डोळा भावाला बसेल का?

प्रश्न : चोपड्याजवळ आमची केळीची बाग आहे. धाकट्या भावाला रेटिनायटिस पिगमेंटोसा हा डोळ्याच्या पडद्याचा आनुवंशिक आजार आहे; दिवेलागणीनंतर त्याला बांधावरून एकट्याला चालता येत नाही. प्रयोगशाळेत डोळा वाढवतात म्हणे. त्याला बसवता येईल का?

उत्तर : भाऊ, अख्खा डोळा अजून कुणीही वाढवलेला नाही. ‘बसवून देतो’ म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. वाढवतात तो दृष्टिपटलाचा, म्हणजे डोळ्याच्या आतल्या प्रकाश टिपणाऱ्या पडद्याचा, मोहरीएवढा गोळा. रुग्णाच्या त्वचेतल्या किंवा रक्तातल्या पेशी मूळपेशींच्या, म्हणजे कोणत्याही प्रकारच्या पेशी बनू शकणाऱ्या पेशींच्या, अवस्थेत नेतात (ही वाट जपानी शास्त्रज्ञ शिन्या यामानाका यांनी २००६ साली उंदरांच्या पेशींत दाखवली) आणि मग कित्येक महिने जोपासतात. त्यात रक्तवाहिन्या नसतात. पण रुग्णाचाच जनुकदोष असतो! म्हणून प्रकाश टिपणाऱ्या पेशी का मरतात, कोणतं औषध त्यांना तगवतं, हे त्याच्या डोळ्याला हात न लावता तपासता येतं. मला यातच खरी आशा दिसते.

तुम्ही आत्ता भावाची जनुकीय तपासणी करा. आरपीई६५ जनुकात दोष निघाला, तर त्यावरच्या जनुकोपचाराला (पेशींत त्या जनुकाची निर्दोष प्रत पोहोचवण्याला) अमेरिकेत २०१७ साली मंजुरी मिळालेली आहे. जळगावला याल तेव्हा आईवडिलांनाही आणा. त्यांचं लग्नाआधीपासून रक्ताचं नातं असेल, तर तेही मोकळेपणानं सांगा; जनुकदोष कसा उतरला हे समजायला त्याची मदत होते.