युद्ध पाहिलेला, श्रद्धाळू आणि कुटुंबवत्सल अशा कोणत्या माणसाचे दीर्घ आयुष्य तुम्हाला भावते?

युद्धातून परतलेला, शेवटपर्यंत श्रद्धा जपलेला आणि संसारातही कुठे कमी न पडलेला माणूस कोणता, असे आपण विचारले आहे. माझ्या मनात पहिले नाव येते ते अमेरिकेतील सार्जंट श्रायव्हर (१९१५–२०११) यांचे. यातील ‘सार्जंट’ हा हुद्दा नव्हे, ते त्यांचे नावच. नौदलात ते लेफ्टनंट कमांडर पदापर्यंत पोचले होते.

मेरीलँडमधील जुन्या कॅथलिक घराण्यात ते वाढले. येल विद्यापीठात कायदा शिकताना, अमेरिकेने युरोपच्या युद्धात पडू नये असे म्हणणाऱ्या विद्यार्थ्यांमध्ये ते होते; तरीही धोरण पटो वा न पटो, देशाची सेवा टाळता येत नाही या जाणिवेने ते पर्ल हार्बरच्या हल्ल्यापूर्वीच नौदलात दाखल झाले. नोव्हेंबर १९४२ मध्ये प्रशांत महासागरातील ग्वाडलकॅनाल बेटाजवळच्या रात्रीच्या लढाईत त्यांच्या ‘साउथ डकोटा’ या युद्धनौकेची वीज ऐन वेळी गेली आणि जपानी तोफांनी तिला झोडपून काढले. श्रायव्हर त्या मोहिमेत जखमी झाले आणि त्यांना ‘पर्पल हार्ट’ पदक मिळाले.

युद्धाहून अवघड, माझ्या मते, होते ते केनेडी घराण्याचे जावईपण. वर्षानुवर्षे वाट पाहिल्यावर २३ मे १९५३ रोजी युनिस केनेडी यांच्याशी त्यांचे लग्न झाले. सासऱ्यांच्या शिकागोतील व्यवसायाचा कारभार ते आधीपासून पाहत होतेच. १९६० मध्ये इलिनॉयच्या गव्हर्नरपदासाठी त्यांचे नाव घेतले जात असताना मेहुण्याच्या, म्हणजे युनिस यांचे भाऊ जॉन केनेडी यांच्या, राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीसाठी ते बाजूला राहिले. त्याच प्रचारात मार्टिन ल्यूथर किंग तुरुंगात असताना, त्यांच्या पत्नीला फोन करण्याचा आग्रह जॉन केनेडी यांच्याकडे धरला तो श्रायव्हर यांनीच. पुढे पीस कोअर ही परदेशांत स्वयंसेवक पाठवणारी सरकारी संस्था उभी करताना ते १९६१ मध्ये नेहरूंनाही भेटून गेले. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या कारकिर्दीत गरीब मुलांसाठीचा ‘हेड स्टार्ट’ उपक्रमही त्यांच्याच देखरेखीखाली सुरू झाला. १९७२ मध्ये उपाध्यक्षपदाची उमेदवारी मिळाली, पण पराभव दणदणीत झाला. आजही अनेक जण त्यांना ‘केनेडींचे मेहुणे’ म्हणूनच ओळखतात, हे मला अन्यायाचे वाटते.

त्यांच्या श्रद्धेत देखावा नव्हता. रोज मिस्सा (चर्चमधील प्रार्थनाविधी) चुकवायची नाही आणि खिशात जपमाळ ठेवायची, एवढाच त्यांचा नेम. पण १९५० च्या दशकात शिकागोत वंशभेदाविरुद्ध काम करणाऱ्या कॅथलिक मंडळातही ते आघाडीवर होते, आणि ही दोन्ही कामे त्यांना वेगळी वाटत नसावीत. घराचेही तसेच. १९६२ च्या उन्हाळ्यात युनिस यांनी मतिमंद मुलांसाठी आपल्याच घराच्या अंगणात शिबिर भरवले. अशा मुलांना चारचौघांत आणायलाही लोक कचरत, त्या काळातली ही गोष्ट. तिथूनच १९६८ मध्ये शिकागोच्या मैदानावर अशा खेळाडूंसाठीचे पहिले ‘स्पेशल ऑलिम्पिक्स’ झाले. पाच मुलांपैकी टिमोथी यांनी पुढे त्याच संस्थेची धुरा घेतली.

२००३ मध्ये अल्झायमर झाल्याचे त्यांनी स्वतः पत्र लिहून स्नेह्यांना कळवले. ऑगस्ट २००९ मध्ये युनिस गेल्या, तेव्हा ते अंत्यविधीला उपस्थित होते. १८ जानेवारी २०११ रोजी, वयाच्या ९५ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले आणि मॅसॅच्युसेट्समधील सेंटरव्हिलच्या दफनभूमीत पत्नीजवळच त्यांना पुरण्यात आले.