फ्लेक्सवर फोटो द्यायचा की नाही

बाळा,

तुझा मेसेज काल रात्रीच वाचला, पण दोन ओळीत उत्तर देण्यासारखी गोष्ट नाही ही म्हणून आज निवांत लिहायला बसलो. लॉटरीत पंचवीस लाख लागले, मनापासून अभिनंदन, आणि सगळ्यात आधी आईला सांगितलंस हे फार चांगलं केलंस. आता तो तिकीटवाला म्हणून राहिला की फोटो दे, नाव दे, मानेवाडा चौकात फ्लेक्स लावतो आणि त्याचे वरून पन्नास हजार देतो. तू विचारतोस, काका, फुकटचे पन्नास हजार काहून सोडायचे? माझं म्हणणं आहे सोड. का ते सांगतो, मग नाही पटलं तर तुझी मर्जी.

पहिले हिशेब, कारण तू अजून पंचवीसच धरून चालला आहेस. लॉटरीच्या बक्षिसावर सरळ ३० टक्के टॅक्स आणि त्या टॅक्सवर ४ टक्के सेस. पगाराला असते तशी कमी उत्पन्नाची सूट इथे चालत नाही, ८०सी पण नाही, पहिल्या रुपयापासून टॅक्स लागतो. बक्षीस देतानाच साडेसात लाख कापतील. सेसचे ३० हजार त्यात धरलेले नसतात, ते तुला स्वतःहून भरावे लागतील, आत्ताच बाजूला काढून ठेव. म्हणजे तुझे खरे पैसे १७ लाख २० हजार. पण फ्लेक्सवर पंचवीस लिहिलेलं असणार, आणि दारात जो येईल तो पंचवीसच्या हिशेबाने मागेल.

येतात रे लोक. मी बँकेत होतो तेव्हा हिंगण्याकडच्या शेतकऱ्यांना समृद्धी महामार्गाच्या जमिनीचे पैसे मिळत होते. कोणाची किती जमीन गेली, कोणाला किती आले, हे अख्ख्या गावाला तोंडपाठ, लपवायचं म्हटलं तरी लपत नव्हतं. एक म्हातारे बाबाजी पासबुकात एंट्री मारायला यायचे, एकटे कधीच नाही, मागे पुतण्या, जावई आणि एक गाडीच्या शोरूमचा पोरगा. मशीनमधून पासबुक बाहेर आलं की बाबाजींच्या आधी पुतण्या वाचायचा. बाबाजी वाईट नव्हते, पुतण्याही वाईट नव्हता, त्यालाही खरंच गरज होती. पण आकडा सगळ्यांना माहीत असला की "नाही" म्हणणारा माणूस कंजूष ठरतो, मग तो कितीही वाजवी का असेना. आकडा माहीत नसला की तोच माणूस नुसता "सध्या जमत नाही बाप्पा" म्हणतो आणि नातं टिकतं. मला यातली एवढीच गोष्ट महत्त्वाची वाटते, बाकी चोरीबिरीची भीती त्यानंतरची.

केरळचं तुला माहीत असेल. २०२२ च्या ओणम बंपरला एका रिक्षावाल्याला २५ कोटी लागले, नाव, फोटो, घर सगळं टीव्हीवर. आठवड्याभरात त्याने व्हिडिओ टाकला की मदत मागणाऱ्यांमुळे मला माझ्याच घरात राहता येईना, लेकराला घेऊन इकडेतिकडे राहतो आहे. तोवर पैसे खात्यात आलेसुद्धा नव्हते. पैसे यायच्या आधी माणसं आली, हे नीट लक्षात घे, कारण तुझेही अजून आलेले नाहीत.

आणि अमेरिकेत काय आहे बघ. वेस्ट व्हर्जिनिया राज्यात २०१९ पासून नियम आहे की १० लाख डॉलरच्या वर बक्षीस असेल आणि नाव जाहीर व्हायला नको असेल तर ५ टक्के रक्कम लॉटरीच्या फंडाला सोडायची. त्याच राज्यातल्या एका माणसाला २००२ मध्ये ३१ कोटी डॉलरच्या वरचा जॅकपॉट लागला होता आणि पुढच्याच वर्षी त्याच्या गाडीतून पाच लाख डॉलरच्या वर रोकड चोरीला गेली. दुसरं, न्यू हॅम्पशायरची एक बाई, २०१८ मध्ये जवळपास ५६ कोटी डॉलर लागले. तिने तिकिटामागे स्वतःच्या नावाने सही करून टाकली आणि नंतर कळलं की ट्रस्टच्या नावाने केली असती तर नाव लपलं असतं. ती कोर्टात गेली, पैसे अडकून पडले, रोजचं व्याज बुडत होतं तरी मागे हटली नाही आणि शेवटी कोर्टाने तिचं नाव गुप्त ठेवायला परवानगी दिली. म्हणजे ज्यांच्याकडे डोंगराएवढा पैसा आला ते त्यातला हिस्सा सोडून गुपचूप राहायचं बघतात आणि तू २ टक्क्यांसाठी चौकात लटकायला तयार झालास.

तू म्हणशील पन्नास हजारच्या जागी पाच लाख असते तर? तर मी पण विचार केला असता, खरं सांगतो. माझं माप सोपं आहे, मिळणाऱ्या पैशात, त्रास झालाच तर, घर बदलून नवीन ठिकाणी नीट बसता येतं का. पन्नास हजार तर डिपॉझिट, दोन-तीन महिन्यांचं भाडं आणि टेम्पोतच संपतात. आणि त्या घरात तू एकटा नाहीस, दुपारभर आई एकटी असते, दार तिलाच उघडावं लागणार, बेसा नाहीतर मिहानकडचे प्लॉटवाले, विमावाले, "मी तुमच्या मुलाचा मित्र" म्हणणारे. तिला विचारलंस का फ्लेक्सबद्दल? मला वाटतं नाही विचारलंस.

गुप्त म्हणजे सगळ्यांपासून नाही हां. लॉटरी खात्याला पॅन, आधार, बँकेचे कागद द्यावेच लागतील, रिटर्नमध्येही दाखवायचं. मित्रांशी खोटं बोलू नको, "लागली होती, टॅक्स जाऊन उरले ते एफडीत टाकले" एवढं बास झालं. आणि बक्षीस सोडवायला आधी प्रोसेसिंग फी भरा म्हणून कोणाचा फोन आला तर तो फ्रॉड आहे, एक रुपया पाठवू नको.

तिकिटामागे सही, नाव, पत्ता घालून दोन्ही बाजूंची झेरॉक्स काढून ठेव, क्लेमची मुदत मागे छापलेली असेल ती वाच, मुदत गेली की पैसे सरकारजमा होतात. शनिवारी सगळे कागद घेऊन घरी ये, फॉर्म सोबत भरू. पण त्याआधी उद्याच त्या दुकानदाराकडे जा, फोनवर नको, समोर जाऊन नाही म्हण, नाहीतर तो फ्लेक्स छापायला टाकून मोकळा होईल. त्याने मोबाईलमध्ये तुझा तिकीट हातात घेतलेला फोटो काढला आहे म्हणालास ना, तो तुझ्यासमोर डिलीट करायला लाव, व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला असेल तर तिथूनही.

तुझा,
काका