एकच ब्रेल डिस्प्ले (पडद्यावरचा मजकूर ब्रेलच्या ठिपक्यांत उठवणारं उपकरण), दोन विद्यार्थी: लिनक्सवर एकाला मराठी, दुसऱ्याला इंग्रजी ब्रेल कसं देता येईल? (सांगली, अभ्यासिकेतला संगणक)

देता येईल, पण भाषा बीआरएलटीटीवायमध्ये (BRLTTY, ब्रेल डिस्प्ले चालवणारा प्रोग्रॅम) नाही, प्रत्येकाच्या ओर्कामध्ये (Orca, पडदा वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर) ठरवा. बीआरएलटीटीवाय ही अख्ख्या संगणकाची एकच सेवा आहे. तिच्या कॉन्फ (सेटिंग्जच्या) फाइलमधला 'टेक्स्ट-टेबल', म्हणजे कोणत्या अक्षराला कोणते ठिपके हे ठरवणारा तक्ता, सगळ्यांना सारखाच लागू होतो. ओर्काची सेटिंग्ज मात्र ज्याच्या त्याच्या होम फोल्डरमध्ये राहतात.

१. दोघांची खाती वेगळी करा.
२. प्रत्येक खात्यात ओर्का की (सहसा इन्सर्ट) आणि स्पेस दाबून ब्रेल टॅब उघडा, कॉन्ट्रॅक्टेड (संक्षिप्त) ब्रेल चालू करून आपापला तक्ता निवडा. या पर्यायाचं नाव फसवं आहे: यादीतला मराठी तक्ता ग्रेड १ चाच, म्हणजे असंक्षिप्त आहे. हा पर्याय बंद असेल तर ओर्का लिबलुईचा (मजकुराचं ब्रेल करणारी लायब्ररी, यादीतले तक्ते तिचेच) तक्ता वापरतच नाही, ठिपके बीआरएलटीटीवायच्या तक्त्याने येतात.
३. एकाच खात्यात ब्रेल कोरं आलं, तर बहुधा त्याला बीआरएलएपीआयची (BrlAPI, ओर्काला बीआरएलटीटीवायशी जोडणारा दुवा) की फाइल वाचता येत नसते. त्या फाइलचा गट पाहा, खातं त्यात घाला आणि लॉगआउट करून परत या. त्याआधी बदल लागू होत नाही.

एक अडचण उरतेच. भारती ब्रेलमध्ये (भारतीय भाषांची ब्रेल लिपी) 'क' आणि इंग्रजी 'के' दोन्ही ठिपके १-३, त्यामुळे मिश्र ओळीत लिपी नुसत्या बोटांनी ओळखता येत नाही. तिथे ओर्काचा आवाज चालू ठेवा.