शेतावरचं बालपण गोष्टीत आणताना

तू लिहिलेल्या लहान मुलांच्या चित्रपुस्तकाचा मसुदा दोनदा वाचला. शेत तू खरंच जगलायस हे कळतं, पण पहिली दोन पानं नुसती 'आमच्या लहानपणी किती छान होतं' यातच गेलीत, ती सरळ काढून टाक. मुलाला आपल्या आठवणींशी काही देणंघेणं नसतं रे, त्याला वासरू हवं असतं, आत्ता, डोळ्यासमोर.

आणि ते वासरू नीट दाखव. गाय उठताना आधी मागचा भाग उचलते आणि घोडा आधी पुढचे पाय, हे तुला माहितीये पण चित्रकाराला माहिती असेलच असं नाही, म्हणून त्याला लिहून दे, नाहीतर गाय घोड्यासारखी उठेल आणि गोठ्यात वावरलेलं पोर ते लगेच पकडेल. कोंबडीचं पिल्लू अंड्यातून यायला साधारण २१ दिवस लागतात, तुझ्या गोष्टीत ते चार दिवसांत आलंय! अरे ते २१ दिवसच तर खरी गोष्ट आहे, गोष्टीतल्या त्या पोरीला रोज खुराड्यात डोकावू दे, वैतागू दे.

अमेरिकन लेखक ई. बी. व्हाइटनी १९५२ च्या 'शार्लट्स वेब' या मुलांच्या कादंबरीसाठी आधी कोळ्यांचा अभ्यास केला होता. त्यातली कोळीण शार्लट बोलते, पण जगते कोळ्यासारखीच, माश्या खाते आणि शेवटी मरतेसुद्धा. तुझ्या गोष्टीतलं म्हातारं कुत्रं शेवटी 'दूर गेलं' असं लिहिलंयस, ते मला खूप खटकलं. मेलं म्हण. मुलं रडतील, पण परत वाचतील.

चित्रांचं पुस्तक बहुतेक ३२ पानांचं असतं, तेव्हा शब्द निम्मे कर आणि मोठ्यानं वाचून बघ.