शिल्लक बारा महिन्यांची नाही, एका महिन्याची आहे

लातूरहून एका मुलीचं पत्र आलंय. वय २७, गाव उदगीर तालुक्यातलं, वडील नाहीत, आई गावी, भाऊ बारावीला. ती कोचिंग क्लासमध्ये नोट्स आणि प्रश्नपत्रिका टाइप करते, तपासते, पगार १८ हजार. २०२२ ला उदगीरला साहित्य संमेलन झालं तेव्हा तिन्ही दिवस मांडवातच होती म्हणे, आणि तेव्हापासून डोक्यात एकच आहे की आपण लिहूनच पोट भरायचं. आता विचारतीय की एप्रिलपासून नोकरी सोडून फ्रीलान्स लिखाण करू का, त्यासाठी ३८ हजारांचा ऑनलाइन रायटिंग कोर्स नो कॉस्ट ईएमआयवर घेऊ का, आणि लॅपटॉप नवा घेऊ का. हिशोबही जोडलाय. ‘काका, मागं दीड लाखाच्या वर शिल्लक आहे, महिन्याचा खर्च १३ हजार, म्हणजे बारा महिने आरामात निघतील, तेवढ्यात महिना ३० हजार सुरू होतील.’ शेवटी लिहिलंय, अहोजाहो करू नका, तुमच्या मुलीएवढी आहे मी. म्हणून तूच म्हणतो.

पोरी, कोर्सचं आणि लॅपटॉपचं नंतर बघू. आधी ती दीड लाखाची शिल्लक बघू, कारण तुझ्या पत्राच्या तिसऱ्या पानावर एक ओळ आहे जी तू सहज लिहून पुढं गेलीस आणि मी तिथंच अडकलो. ‘बँकेत ३८ हजार, आणि पॉलिसीत १ लाख २० हजार, ते गरज पडली तर कधीही काढता येतात असं मावसभाऊ म्हणालाय.’ आणि त्याच्या खाली, ‘मागच्या वर्षीचा हप्ता आईची बोरमाळ ठेवून भरला.’

तुझ्या मावसभावानं मार्च २०२४ मध्ये तुला पॉलिसी दिली, वर्षाला ६० हजार, दहा वर्षं भरायचे, विसाव्या वर्षी १२ लाख. ‘एफडीसारखंच आहे, पैसे डबल, वर विमा फुकट.’ हे वाक्य मी गेली कित्येक वर्षं ऐकतोय आणि दर वेळी तितकाच राग येतो, कारण महिना १८ हजार कमावणाऱ्या आणि घरी पैसे पाठवणाऱ्या मुलीला वर्षाला ६० हजारांचा हप्ता कुठल्याच हिशोबात बसत नाही, आणि हे विकणाऱ्याला कळत होतं. घरातलाच माणूस होता म्हणून तू विचारलं नाहीस, हेही मला समजतं.

डबलचं गणित बघ. दहा हप्ते, पहिला वीस वर्षं पडून राहणार, शेवटचा अकरा, सरासरी साडेपंधरा वर्षं. पैसे जितक्या वर्षांत दुप्पट होतात तितक्यानं ७२ ला भागलं की व्याजाचा दर अंदाजे कळतो, म्हणजे ७२ भागिले साडेपंधरा, साडेचार टक्क्यांच्या आसपास. तेच पैसे पीपीएफमध्ये ७.१ टक्क्यांनी टाकले असते आणि दर तसाच राहिला असता तर विसाव्या वर्षी साडेसतरा लाखांच्या वर झाले असते. म्हणजे साडेपाच लाख कमी मिळणार, आणि फुकट म्हणून सांगितलेला विमा किती, तर सहा लाख. तुझ्या वयाच्या मुलीला ५० लाखांचा टर्म इन्शुरन्स, म्हणजे माणूस गेला तरच घरच्यांना पैसे देणारा निव्वळ विमा, वर्षाला पाच-सहा हजारांत मिळतो. तो मात्र तुला हवाच, कारण आई आणि भाऊ तुझ्यावर आहेत.

आता सगळ्यात दुखतं ते. हा साडेचार टक्क्यांचा हप्ता भरायला तू बोरमाळ ठेवून ६० हजार घेतलेस, व्याज महिन्याला ६००, म्हणजे वर्षाला बारा टक्के. बारानं आणून साडेचारला लावायचे, याला गुंतवणूक कोण म्हणेल? आणि तू असं का केलंस तेही तुझ्याच आकड्यात दिसतंय, १८ वजा १३ म्हणजे पाच हजार उरतात, बारा महिन्यांचे साठ हजार, जेवढा हप्ता बरोब्बर तेवढेच, भाऊ एकदा आजारी पडला की संपलं.

‘कधीही काढता येतात’ हे अर्धसत्य आहे. दोन हप्ते भरल्यावर दुसऱ्या वर्षात पॉलिसी सरेंडर केली, म्हणजे मुदतीआधी मोडली, तर हमीची रक्कम भरलेल्या हप्त्यांच्या ३० टक्के, म्हणजे १ लाख २० हजारांचे ३६ हजार. स्पेशल सरेंडर व्हॅल्यू काढली तर थोडे जास्त येऊ शकतात, तो आकडा कंपनीकडून लेखी घे. मी ३६ धरतो. आता खरी शिल्लक मांडू. बँकेतले ३८, पॉलिसीचे ३६, झाले ७४. त्यातून बोरमाळीचे ६० दिले की राहिले १४ हजार. तुझा महिन्याचा खर्च १३ हजार. तू बारा महिन्यांच्या भरवशावर नोकरी सोडायला निघाली होतीस आणि हातात एक महिना आहे.

मग पॉलिसीचं काय करायचं? तिसरा हप्ता मार्चात आहे. तो भरायचा नाही. पेड-अप करून ठेव असंही कुणी सांगेल, म्हणजे पुढं भरू नको आणि शेवटी मिळेल ते घे. सहा लाखांच्या विम्यात दहापैकी दोन हप्ते, म्हणजे १ लाख २० हजार, तेही अठरा वर्षांनी. आजचे ३६-४० हजार अठरा वर्षांत तिप्पट किंवा थोडे जास्त, सव्वासहा ते सात टक्के पडतात. वाईट नाही, पण तुझ्या डोक्यावर बारा टक्क्यांचं कर्ज आहे, ते फेडणं म्हणजे आज बारा टक्के कमावणं. माझं मत सरेंडर. ८० हजार बुडाले असं वाटेल, वाटू दे, पण ते वाचवायला अजून आठ हप्ते म्हणजे ४ लाख ८० हजार घालायचे का हे स्वतःलाच विचार. पेड-अपचाही आकडा लेखी मागून घे, माझ्या अंदाजाच्या फार वर आला तर मला कळव, मी मत बदलीन. बँकेतून हप्ता आपोआप कटतो असं लावलेलं असेल तर ते आधी बंद कर, नाहीतर मार्चात खात्यातले पैसे जातील आणि मग सगळंच अवघड होईल. आणि पुढच्या वेळी कुठलीही पॉलिसी घेतलीस तर कागद हातात आल्यापासून ३० दिवस ती परत करता येते, तेवढ्या दिवसांत बाहेरच्या एखाद्या माणसाला दाखव.

आता लिखाणावर येतो, कारण तुझा जीव तिथं आहे आणि माझाही थोडा आहे.

तू म्हणतेस शब्दाला ५० पैसे मिळतात आणि महिना ३० हजार होतील. ३० हजार म्हणजे ६० हजार शब्द. रविवार सोडून सव्वीस दिवस, रोज तेवीसशे शब्द, तेही दुसऱ्यानं विकत घेण्यासारखे, आणि काम रोज मिळतंय असं धरून. तू सप्टेंबर ते जानेवारी किती लिहिलंस? तूच आकडा दिलायस, ११ हजार. दीडशे दिवसांत ११ हजार म्हणजे दिवसाला त्र्याहत्तर. त्यातले विकले गेले ४२००, आले २१०० रुपये. तुझं लिखाण कमी आहे असं मी म्हणत नाही, पत्रावरूनच कळतं की मराठी चांगली आहे, वाक्याला वजन आहे. पण त्र्याहत्तरवरून तेवीसशेवर माणूस नोकरी सोडून जात नाही. नोकरी सोडली की वेळ मिळतो आणि त्याबरोबर महिन्याच्या एक तारखेची भीतीही येते, आणि त्या भीतीत पहिलं काय बंद पडतं तर लिखाण.

नरहर कुरुंदकर नांदेडच्या पीपल्स कॉलेजात शिकवत होते, पुढं प्राचार्य झाले, आणि एवढं सगळं लिहिलं ते नोकरी सांभाळून. नोकरी करणारा लिहिणारा नसतो हे आपल्या मराठवाड्यात तरी कुणी म्हणू नये.

कोर्सची जाहिरात तू पाठवलीस ती वाचली. ‘९० दिवसांत पहिली कमाई, खात्रीशीर.’ पॉलिसीवाल्याची आणि याची भाषा एकच आहे बघ, पुढचा मोठा आकडा दाखवायचा आणि आजचा हप्ता लहान करून सांगायचा. नो कॉस्ट ईएमआयमध्ये बहुतेक वेळा रोख भरणाऱ्याला मिळणारी सूट आपल्याला मिळत नाही, तेच व्याज. आणि कोर्स तुला जे शिकवणार त्यातलं बरंचसं तुला येतंच, तू रोज दुसऱ्याच्या नोट्समधल्या चुका काढतेस. मुद्रितशोधन, इंग्रजी नोट्सचं मराठी करणं ही विकली जाणारी कामं आहेत आणि लातुरात क्लास किती आहेत ते तुला मी सांगायला नको. तिथं आधी विचार, वेगळ्या रेटनं, पण मालकाला सांगून, लपून नको.

तुझी खरी अडचण पत्रात आहे, आणि ती वाचून मला वाईट वाटलं. खोलीत तिघी, दोघी नीट परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या, त्यांना रात्री लाइट नको किंवा बोलणं नको, नळाला पाणी आलं की सगळा वेळ भरण्यात जातो, आणि ‘मूड लागला की मोबाईलवर लिहिते’. म्हणजे तुला बसायला जागा नाही. मूड हा पुढचा विषय झाला.

माझ्या वडिलांचं परभणीच्या मोंढ्यात भुसारचं छोटं दुकान होतं. ते रोज रात्री जेवण झालं की लाल कापडी पुठ्ठ्याची रोजकीर्द काढायचे आणि दिवसाचा जमाखर्च लिहूनच झोपायचे. ज्या दिवशी गिऱ्हाईक नाही त्या दिवशीही तारीख टाकून ‘विक्री नाही’ असं लिहायचे. मी एकदा विचारलं, काही झालंच नाही तर लिहायचं कशाला, तर म्हणाले दुकान उघडलं होतं की नाही ते कळायला पाहिजे. अक्षर काही चांगलं नव्हतं त्यांचं, पण वर्षाच्या शेवटी त्यांना माहीत असायचं की कुठल्या महिन्यात माल भरायचा आणि कुठल्या महिन्यात हात आखडायचा.

तू तशी एक वही घाल. दोनशे पानी, साधी. रोज तारीख, किती वाजता बसलीस, किती शब्द, आणि त्यातले विकाऊ किती, स्वतःचे किती. नाही लिहिलं तर शून्य लिही, पान रिकामं सोडू नको. रोज तीनशे शब्द, रविवारी सुट्टी. तीनशे फार नाहीत, पण महिन्याचे ७८०० होतात, तुझ्या पाच महिन्यांच्या दोनतृतीयांशाहून जास्त. पहिल्या दीड-दोन महिन्यांत त्यातलं बरंच टाकाऊ असेल, असू दे, त्यावर वही बंद करायची नाही. मध्ये चार दिवस गेले, गावी जावं लागलं, तर ते भरून काढायला एका रात्री बाराशे लिहायला बसू नको, दुसऱ्या दिवशी पुन्हा तीनशेच.

आणि जागा. तूच लिहिलंयस की खोलीशेजारच्या अभ्यासिकेत सीट ७०० रुपये महिना आहे, पहाटे पाचला उघडते, ‘पण परवडत नाही’. बोरमाळीचं व्याज ६०० रुपये तू दर महिन्याला भरतेस ना? ती सोडवली की ते ६०० सुटले, त्यात शंभर घाल. सहा ते सव्वासात तिथं बस, मोबाईल बॅगेत, वही आणि पेन. क्लास अकराला आहे, मग टायपिंगला नाश्त्यानंतरचा वेळ आहेच, आणि तुझा टायपिंगचा वेग बघता तीनशे शब्दांना दहा-बारा मिनिटं लागतील. नवा लॅपटॉप आत्ता नको. सहा महिने वही भरली तर जुना, चालू स्थितीतला घे, तोही रोखीनं.

नोकरी कधी सोडायची, तर तीन गोष्टी एकदम असतील तेव्हा. बँकेत सहा महिन्यांचा खर्च, म्हणजे ७८ हजार. सलग सहा महिने लिखाणाचे सरासरी १० हजार खात्यात आलेले, नुसते ठरलेले नाहीत, कारण या धंद्यात पैसे दीड-दोन महिन्यांनी येतात. आणि सहा महिन्यांची भरलेली वही. आज १४ हजारांवरून सुरू, पगारातून पाच हजार आणि लिखाणाचे दोन-अडीच हजार धरले तर येत्या दिवाळीच्या आसपास ७८ होतात, टर्मचा हप्ता गेला तर थोडं पुढं. दहा हजारांची अट मात्र दिवाळीपर्यंत होणार नाही, तिला वर्ष-दीड वर्ष लागेल असं मला वाटतं, आणि हे तुला आवडणार नाही तरी सांगतो.

हे पैसे बँकेतच ठेव. पतसंस्था बारा टक्के देते म्हणून तिकडं नको, बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत ठेव विमा आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला नाही, आणि बीड-संभाजीनगरकडं पतसंस्था बुडाल्यावर लोकांचं काय झालं ते आपण बघितलंय. आईचं रेशनकार्ड महात्मा फुले जनआरोग्य योजनेसाठी चालतंय का आणि आधार जोडलंय का ते या सुट्टीत गावी गेलीस की बघून घे. लिखाणाचे पैसे देताना एजन्सीनं दहा टक्के टीडीएस, म्हणजे आयकर आधीच कापला तर घाबरू नको, रिटर्न भरलं की तुझ्याएवढ्या उत्पन्नाला तो परत मिळतो.

मावसभावाशी भांडू नको, पण तो ‘एवढाच हप्ता भर, मग बघू’ म्हणेल, त्याला हो म्हणू नको. सरेंडरचा अर्ज त्याच्या हातात न देता स्वतः ब्रँचमध्ये जा, पॉलिसीचा मूळ कागद, आधार, पॅन आणि रद्द केलेला चेक घेऊन, आणि पोच घेतल्याशिवाय उठू नको. पैसे खात्यात आले की त्याच आठवड्यात सोनं सोडव. आईला बरोबर ने. पावतीवरचं वजन तिथंच काट्यावर बघून घ्या आणि बोरमाळीचे मणी आईला मोजू दे, तिला माहीत असतील किती आहेत ते.